स्वयंपाकघरात केलेली टेप

डॉर्सी टिडवेलने कुणाला फोन केला की समोरचा माणूस बहुतेक वेळा फोन ठेवूनच द्यायचा. त्यात त्या माणसाची चूक नव्हती. कानाशी एकदम भुंग्यासारखी गुणगुण सुरू व्हायची आणि त्या गुणगुणीतून एकसुरी शब्द बाहेर पडायचे, "हॅलो, मी टिडवेल बोलतोय." कुणाला वाटायचं लाइन बिघडली, कुणाला वाटायचं पोरं चेष्टा करतायत. गाणी घेऊन ती गायकांना विकणाऱ्या, नॅशव्हिलच्या एका पब्लिशरकडची बाई तर म्हणाली होती, "ते मशीन आधी बंद करा आणि कुणातरी माणसाला बोलायला द्या." डॉर्सीने हे बायकोला सांगितलं तेव्हा नेल्डा पोट धरधरून हसली. मग ओटा पुसायचाय म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

घशाच्या कॅन्सरने त्याचं स्वरयंत्र गेलं त्याला दोन वर्षं होत आली होती. गळ्याशी श्वासासाठी ठेवलेलं भोक, त्यावर नेल्डाने शिवलेलं पातळ फडकं, आणि खिशात विजेरीएवढं यंत्र. बोलायचं झालं की ते हनुवटीखाली दाबायचं आणि ओठ हलवायचे. राग, लाडीगोडी, थट्टा, सगळं त्या एकाच पट्टीत. चर्चमध्ये एका लहान मुलीने त्याला विचारलं होतं, "तुमच्या पोटात रेडिओ आहे का?" तो म्हणाला, "आहे, पण स्टेशन एकच लागतं." ती मुलगी सोडून आजूबाजूचे सगळे हसले होते.

मॅकमिनव्हिलच्या बाहेर बॉइड स्वॅफर्डची झाडांची मोठी नर्सरी होती. डॉर्सी तिथे तरुणपणापासून कामाला. थंडी पडली की मॅपल, डॉगवूडची झाडं खणून काढायची, मुळांचा गड्डा मातीसकट गोणपाटात बांधायचा आणि ट्रकवर चढवायचा. ती झाडं ओहायोत, पेनसिल्व्हेनियात, कुठकुठल्या अंगणांत जाऊन उभी राहायची. आणि उन्हाळ्यात काम मंदावलं की डॉर्सी टेपा घेऊन नॅशव्हिलला जायचा. कारण नोकरी झाडांची असली तरी आपण गाणी लिहिणारा माणूस आहोत असं तो मनातून धरून होता. गिटार त्याला बापाने शिकवली होती, शब्द त्याचे त्याला सुचायचे.

नॅशव्हिलला अशा पब्लिशरांचा एक रस्ताच होता, तिथे जुन्या घरांची ऑफिसं झालेली. पुढे ओसरी, आत टाइपरायटर, आणि मागच्या खोलीत खुर्चीत रेलून गाणी ऐकणारा कोणीतरी. हा माणूस टेप लावायचा, एक कडवं ऐकायचा, ध्रुपद सुरू झालं की बटण दाबायचा. "छान आहे. आणखी काय आणलंय?" दुसरं गाणं. पुन्हा बटण. वर्षानुवर्षं डॉर्सीने त्या बटणाचा खटका ऐकला होता. कधी कोणी टेप ठेवून घ्यायचं, बघतो म्हणायचं. ठेवून घेतलेली टेप कधी परत यायची नाही, आणि बातमीही यायची नाही. घरी असलेल्या टेपांवर जुन्या गाण्यावर नवं गाणं चढवायची त्याची सवय. टेपा काय फुकट मिळतात?

त्यामुळे झालं असं, की ऑपरेशननंतर घरात त्याचा आवाज असलेली एकच टेप उरली.

ती नेल्डानेच करवून घेतली होती. इस्पितळात जायच्या आधीचा रविवार. चर्चमधून आल्यावर तिने जेवणाची भांडी तशीच ठेवली, टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला आणि म्हणाली, "गा."

"काय गाऊ?"

"नवीन लिहिलंयस ना ते. झाडांचं."

घसा तेव्हाच खरवडल्यासारखा झाला होता, उंच सूर लागत नव्हते. त्याने पट्टी उतरवली. टेपवर आधी त्याचं खाकरणं होतं, मग "नेल्डा, बटण दाबलंस का?", मग तिचं "दाबलंय, तू गा", आणि मागे फ्रिजची घरघर. मग गाणं. सगळी झाडं दुसऱ्यांच्या दारी पोचवणाऱ्या माणसाचं ते गाणं होतं.

*लावली मी झाडं किती, गेली दूरच्या दारी,*
*आपल्या दारी ऊन, राणी, आपल्या दारी ऊन.*

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला होता. पुन्हा गातो म्हणाला तर नेल्डाने रेकॉर्डर उचलून आतच नेला.

ऑपरेशननंतर ती टेप ती कधी लावायची हे त्याला ठाऊक नव्हतं. पण कामावरून आल्यावर कधीकधी रेकॉर्डरवरची धूळ पुसलेली दिसायची, टेप थोडी पुढे गेलेली असायची. त्यावर दोघं एक शब्द बोलले नव्हते. त्याने स्वतः ती परत ऐकली नव्हती.

आवाज गेला तरी गाणी सुचायची थांबली नाहीत. ती आता नेल्डाचा भाचा वेंडेल गायचा. वेंडेल मनाने चांगला, पण प्रत्येक गाणं जाहिरातीतलं असल्यासारखा गायचा. त्या टेपा घेऊन जून महिन्यात डॉर्सी पुन्हा नॅशव्हिलला निघाला. रँडल हॅस्क्यू नावाच्या पब्लिशरची वेळ नेल्डाने फोनवर मागून घेतली होती. "माझे मिस्टर फोनवर बोलत नाहीत," एवढंच तिने सांगितलं होतं. सोबत तीही आली. आणि तिला न सांगता डॉर्सीने ती स्वयंपाकघरातली टेप शर्टाच्या खिशात घातली होती. शहरात एखाद्या स्टुडिओत तिची प्रत काढून घ्यावी, परत जाताना नेल्डाच्या हातात दोन टेपा ठेवाव्यात, एवढाच त्याचा विचार होता. अचानक हातात पडली की तिला जास्त आनंद होईल, म्हणून सांगितलं नव्हतं.

हॅस्क्यूच्या ऑफिसात बाहेर ग्लेंडा नावाची जाडसर, हसऱ्या चेहऱ्याची बाई बसलेली. तिने नेल्डाला कॉफी दिली आणि डॉर्सीला आत पाठवलं. हॅस्क्यू पन्नाशीचा, वागायला सरळ. डॉर्सीने यंत्र हनुवटीला लावलं तेव्हा तो दचकला नाही, फक्त खुर्ची थोडी पुढे ओढून बसला.

वेंडेलची तीन गाणी वाजली. तीनदा खटका झाला.

"टिडवेलसाहेब, तुम्हाला लिहिता येतं," हॅस्क्यू म्हणाला. "पण हा पोरगा काय गातोय ते त्याला कळत नाहीये. आणखी काही आणलंय?"

डॉर्सी नाही म्हणणार होता. उठलाही होता. मग त्याचा हात खिशाकडे गेला.

खाकरणं वाजलं. "नेल्डा, बटण दाबलंस का?" हॅस्क्यू थोडा हसला. पहिलं कडवं झालं. ध्रुपद सुरू झालं. डॉर्सी खटक्याची वाट बघत राहिला. हॅस्क्यूने हात मांडीवरून हलवला नाही. दुसरं कडवं झालं, आवाज फाटला ती ओळ झाली, गिटार थांबली, फ्रिजची घरघर राहिली. आपलं गाणं पूर्ण ऐकणारा पब्लिशर डॉर्सीने आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

"कोण गातंय हे?"

"मी," डॉर्सीचं यंत्र म्हणालं.

हॅस्क्यूने त्याच्या गळ्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे बघा. एक मोठा गायक सध्या नव्या रेकॉर्डसाठी गाणी निवडतोय. नाव आत्ता सांगत नाही. उद्या सकाळी त्याच्या माणसांसमोर बसणार आहे मी. हे गाणं मला तिथे न्यायचंय. असंच. ह्या टेपसकट."

"प्रत काढून घ्या."

"आमचं मशीन दुरुस्तीला गेलंय हो. उद्याची बैठक झाली, मशीन आलं की प्रत काढतो, तुमची तुम्हाला टपालाने. माझा शब्द."

डॉर्सीला पुढे फार वेळा हा क्षण आठवला. आजच मी स्वतः प्रत काढून आणतो असं म्हणता आलं असतं. बाहेर जाऊन बायकोला विचारता आलं असतं. शहरात स्टुडिओ काय कमी होते? पण इतकी वर्षं बंद राहिलेलं दार आज किलकिलं झालं होतं, आणि आपण उंबऱ्यावर घुटमळलो तर ते पुन्हा लागेल असं त्याला वाटलं. त्याने कागदावर सही केली. गाणं हॅस्क्यूच्या कंपनीचं झालं. टेप टेबलावर राहिली.

गाडीत बसल्यावर त्याने नेल्डाला सांगितलं. ती इतकी हरखली की त्याच्या गालावर ओठ टेकवताना यंत्र खाली पडलं.

"कुठलं घेतलं रे? रेल्वेचं? मला वाटलंच होतं."

"झाडांचं."

"पण ते वेंडेलने कुठे गायलंय?" असं म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं. डॉर्सीचा हात नकळत शर्टाच्या रिकाम्या खिशावर गेला.

"परत देणार आहेत," डॉर्सी म्हणाला. "शब्द दिलाय."

बराच रस्ता मागे पडल्यावर ती म्हणाली, "मला विचारायचं होतंस." बाकी काही नाही. घरी येऊन तिने पीचचा केक केला, शेजाऱ्यांकडे दिला, आणि सगळ्यांना बातमी सांगितली.

दोन आठवड्यांनी हॅस्क्यूचा फोन आला. गायकाने गाणं राखून ठेवलं होतं. म्हणजे रेकॉर्ड होईपर्यंत ते दुसऱ्या कुणाला ऐकवायचंसुद्धा नाही. हॅस्क्यूने भाड्याचा गायक आणि वादक घेऊन गाण्याची नवी, साफसूफ टेपही करून घेतली होती.

"आणि आमची?" नेल्डाने विचारलं.

"आहे, आहे, इथेच आहे. पाठवतो."

गावभर झालं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी व्यासपीठावरून सांगितलं, "आपल्या ब्रदर टिडवेलचं गाणं आता रेडिओवर लागणार आहे." बॉइड स्वॅफर्ड रोज सकाळी विचारायचा, "काय डॉर्सी, अजून माझ्याकडेच? मला वाटलं एव्हाना लांबलचक गाडीतून येशील, काच खाली करशील आणि म्हणशील, बॉइड, दोन मॅपल दे, सुटे ठेव."

"दोन नाही, चार," डॉर्सी म्हणायचा.

रेडिओ मात्र काही बोलेना. हिवाळा आला, खणायचे दिवस आले. डॉर्सी गड्डे बांधायचा आणि ट्रकमधल्या रेडिओकडे कान ठेवायचा. नेल्डाचे कान टपालाच्या पेटीकडे. ती दर थोड्या दिवसांनी ग्लेंडाला फोन करायची. ग्लेंडा गोड बोलायची, "हनी, मी आज नक्की शोधते हं." एकदा ग्लेंडाचं "शोधते" ऐकून नेल्डाने फोन ठेवला आणि डॉर्सीला म्हणाली, "शोधते म्हणाली. म्हणजे सापडत नाहीये."

"ऑफिस आहे ते. पसारा असतो."

"तू पसाऱ्यात ठेवून आलास ना."

फेब्रुवारीत दोघं न कळवता गेले. हॅस्क्यूने त्यांना बघितलं आणि त्याचा चेहराच सगळं बोलला.

"मी आज-उद्या फोन करणारच होतो," तो म्हणाला. "त्यांनी गाणं सोडलं. संथ गाणी फार झाली म्हणे रेकॉर्डवर. अगदी शेवटपर्यंत होतं हो ते यादीत. मी भांडलो त्यांच्याशी."

डॉर्सीने मान हलवली. त्याला स्वतःचंच नवल वाटलं, की ज्या बातमीची इतके दिवस धास्ती घेतली ती ऐकून आत काही हललं नाही. त्याचं सगळं लक्ष नेल्डाकडे होतं.

नेल्डा म्हणाली, "बरं. आमची टेप द्या."

हॅस्क्यूने ग्लेंडाकडे पाहिलं. ग्लेंडाने टेबलाखालून एक पुठ्ठ्याचं खोकं ओढलं. "ऐकून झालेल्या टेपा यात टाकतो आम्ही," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मागच्या स्टुडिओतली पोरं यातल्याच घेतात, नवीन रेकॉर्डिंगला. सगळ्यांकडे असंच चालतं, हनी. नवी टेप झाली म्हणून ही कुणीतरी यात..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

नेल्डा जमिनीवर बसली. कोट अंगातच. एकेक टेप काढून बघू लागली. डॉर्सी दुसऱ्या बाजूला बसला. अर्धंअधिक खोकं उपसल्यावर त्याला त्याचंच अक्षर दिसलं. गाण्याच्या नावावर काट मारलेली, आणि वर दुसऱ्याच शाईत दुसऱ्याच गाण्याचं नाव.

"लावा," नेल्डा म्हणाली.

"मिसेस टिडवेल, त्यात आता काही..."

"लावा म्हणते ना मी."

टेपवर कुणी एक उमदा माणूस आपल्या नव्या मोटारीबद्दल आणि शनिवारच्या नाचाबद्दल गात होता. ढोल, फिडल, मागे पोरींचे सूर. गाणं संपलं. हॅस्क्यूचा हात सवयीने बटणाकडे गेला, आणि नेल्डाने त्याच्याकडे बघताच मागे आला. टेप नुसती सरसरत राहिली. कुठे एखादा शब्द, एखादं खाकरणं उरलं असेल म्हणून चौघं त्या सरसरीला कान लावून बसले. एक बाजू संपली. नेल्डाने उठून स्वतः टेप उलटी केली. त्या बाजूला तर कधी काही नव्हतंच, हे तिलाही माहीत होतं. तीही शेवटपर्यंत वाजली. ग्लेंडा तोंडावर रुमाल धरून रडत होती. फोन वाजला, कोणी उचलला नाही.

निघताना हॅस्क्यूने नव्या टेपची प्रत डॉर्सीच्या हातात दिली. "गाणं चांगलं आहे तुमचं. मी अजून फिरवीन ते," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. डॉर्सीने त्याचे आभार मानले.

परतीच्या वाटेवर गाव दिसायला लागलं तेव्हा नेल्डा म्हणाली, "तू माझी वस्तू देऊन आलास."

डॉर्सीने गाडी कडेला घेतली, कारण चालवताना यंत्र धरता येत नसे. "आवाज माझा होता, नेल्डा."

"होता तेव्हा तुझा होता. गेल्यावर माझ्याकडे होता तो. तू ऐकलीस एकदा तरी ती टेप? मी ऐकत होते. तू कामावर गेलास की लावायची. गाणंसुद्धा नाही ऐकायचे रे रोज. तू माझं नाव घेतोस ना सुरुवातीला, तेवढं ऐकायचे आणि बंद करायचे."

त्याला म्हणायचं होतं, मी तुझ्यासाठीच प्रत काढायला नेली होती. त्याला म्हणायचं होतं, माझं चुकलं. तो म्हणालाही. पण त्या गुणगुणीत "माझं चुकलं" आणि "मीठ दे" एकाच सुरात निघतं, आणि नेल्डाने काचेकडे तोंड फिरवलं.

ती त्याच आठवड्यात स्मिथव्हिलला बहिणीकडे गेली. भांडून नाही. फ्रिजमध्ये शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव ठेवून, कधी येईन ते सांगितल्याशिवाय. डॉर्सी सकाळी कामावर जायचा, संध्याकाळी येऊन तोच घेवडा गरम करायचा. फोन करावासा वाटायचा. पण फोनवर तर त्याचा ओठ हलतानाही दिसला नसता, नुसता तो भुंगाच तिच्या कानात गेला असता. त्याने पत्र लिहायला घेतलं तर गाण्यासारख्या ओळी यायला लागल्या. त्याला स्वतःचीच चीड आली, त्याने कागद चुलीत टाकला.

बॉइडने आता गाडीची थट्टा बंद केली होती. एक दिवस तो शेजारी येऊन उभा राहिला, डॉर्सीने बांधलेला गड्डा उगीचच हाताने चाचपला आणि म्हणाला, "चार दिवस सुट्टी घे. जा, घेऊन ये तिला."

"येईल तिची ती."

"आणि नाही आली तर?"

डॉर्सीने यंत्र खिशात ठेवून दिलं. बॉइड ट्रककडे गेला.

नेल्डा आली ती वसंतात, डॉगवूड फुलायच्या सुमाराला. बहिणीच्या नवऱ्याने आणून सोडलं. बॅग खाली ठेवून तिने आधी खिडक्या उघडल्या, मग विचारलं, "जेवलास का?" त्या दिवशी दोघांचं बोलणं तेवढंच झालं. हळूहळू पूर्वीसारखं चालू झालं, निदान बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटलं असतं. त्याचे फोन पुन्हा ती करू लागली. चर्चला दोघं एकाच बाकावर बसायची.

हॅस्क्यूने गाणं आणखी दोघातिघांना ऐकवलं. कोणी घेतलं नाही. पुढे त्याची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, हॅस्क्यू घरी बसला, आणि सही केलेली असल्यामुळे डॉर्सीचं गाणं त्या मोठ्या कंपनीच्या कुठल्यातरी कपाटात गेलं. त्याने एकदा नेल्डाला फोन करायला लावला. पलीकडच्या मुलाने गाण्याचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि असं काही सापडत नाही म्हणाला. डॉर्सी लिहायचा अजूनही. पण नॅशव्हिलला पुन्हा गेला नाही, आणि वेंडेललाही गायला बोलावलं नाही.

एका रविवारी दुपारी तो बाहेरून आला तर स्वयंपाकघरात ते गाणं वाजत होतं. हॅस्क्यूने दिलेली टेप. नेल्डा टेबलाशी बसली होती. भाड्याचा तो तरुण गायक गोड गळ्याने, एकही सूर न चुकता, फाटायच्या ओळीला न फाटता गात होता. डॉर्सी दारातच थांबला. आजवर त्या टेपला दोघांपैकी कोणी हात लावला नव्हता.

"चांगलं गातोय रे पोरगा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्याने मान डोलावली.

"मला वाटलं, हे लावलं तर तुझं आठवेल. म्हणजे हा कुठे वेगळं म्हणतो, तू कसं म्हणायचास. पहिल्यांदा आठवलं. दोनतीनदा आठवलं. आता डोळे मिटले तरी ह्याचाच आवाज येतो. तुझा येत नाहीये, डॉर्सी. मी केव्हाची प्रयत्न करतेय."

डॉर्सीने खिशातून यंत्र काढलं. मग ते टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. तिने टेप मागे घेतली नाही, बंदही केली नाही. गाणं संपलं, तरी ती दोघं तशीच बसून राहिली.